टाचांच्या भेगा, खरखरीत हात आणि इसेन्शियल तेलं: घरच्या घरी काळजी घेण्याचा नेमका क्रम

इसेन्शियल तेलाची, म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलाची, छोटी बाटली घरात येते, दोन-तीन थेंब थेट टाचेच्या भेगेत सोडले जातात, आग होते, आणि "औषध लागतंय" असं समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याने भेग तशीच राहते आणि भोवतालची कातडी मात्र लाल होऊन सोलते. तेल चांगल्या कंपनीचं असलं तरी हेच होतं, कारण चूक क्रमात आणि प्रमाणात असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इसेन्शियल तेल भेग भरून काढत नाही. भेग भरते ती कातडीत ओलावा टिकला तर, आणि ओलावा टिकवतं साधं तेल, मेण, व्हॅसलीन आणि सुती मोजे. इसेन्शियल तेलाचं काम वासाचं, थोडं जंतू रोखण्याचं आणि मालिश सुखाची करण्याचं. सगळ्या मिश्रणात त्याचा वाटा शंभरात एक ते दोन. हे पटत नसेल तर नुसत्या तिळाच्या तेलाने खालचे सगळे टप्पे करा. बराचसा फरक तेवढ्यानेही पडेल.

## टप्पा १: आधी पाय उजेडात नीट बघा

दिवसा, दारात बसून. तळवा स्वतःला दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.

टाचेच्या कडेला पिवळट, जाड, कोरडी कातडी आणि तिच्यात उभ्या चिरा असतील, तर ते आपल्याकडचं नेहमीचं जळवाताचं दुखणं. त्यावर घरी काम करता येतं. बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजल्यासारखी, वास येणारी कातडी म्हणजे चिखल्या. तिथे कोणतंही तेल नको. ओल अडकून त्या वाढतात. बेचकी कोरडी ठेवा आणि बुरशीचं मलम डॉक्टरांना विचारून लावा. नखाच्या कडेला ठणका आणि पू असेल तर ते नखुरडं, तेही घरच्या उपायाचं नाही. कुरूप असेल तर ब्लेड लावू नका.

थांबा: मधुमेह असेल, पायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर पाय गरम पाण्यात भिजवणं आणि वज्रीने घासणं दोन्ही बंद. पाणी किती गरम आहे हे अशा पायाला कळत नाही आणि घासताना झालेली जखम लक्षात येत नाही. अशांनी डॉक्टरांना पाय दाखवावेत. तोवर वासाशिवायचं साधं क्रीम लावावं, तेही बोटांच्या बेचक्या सोडून.

रक्त येणारी भेग असेल तर इसेन्शियल तेलाचं मिश्रण तिच्यावर लावायचंच नाही. साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून साधं व्हॅसलीन भरा, वर स्वच्छ कापड बांधा आणि ती मिटेपर्यंत वाट बघा.

गाजर गवताने अंगाला खाज उठत असेल तर कॅमोमाइलचं आणि झेंडूचं तेल घेऊ नका. या वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. गवताला चिडणारी कातडी या तेलांनाही चिडू शकते. बांधाबांधावर गाजर गवत असलेल्या आपल्या भागात ही सूचना वाचून सोडून देण्यासारखी नाही.

## टप्पा २: सामान जमवा

साधं तेल म्हणून करडई, तीळ किंवा खोबरेल. करडईचं तेल हलकं असतं, लवकर मुरतं आणि परभणी-लातूरकडे लाकडी घाण्यावर ताजं मिळतं. पण उन्हाळ्यात ते लवकर खवट होतं, म्हणून महिनाभर पुरेल एवढंच बनवा. खोबरेल जास्त टिकतं, फक्त थंडीत गोठतं. हिवाळ्यासाठी तीळ आणि उन्हाळ्यासाठी खोबरेल हा सोपा हिशोब ठेवायला हरकत नाही.

इसेन्शियल तेलं दोनच घ्या: लव्हेंडर आणि टी ट्री. सुरुवातीला एवढी पुरतात. बाटली गडद काचेची असावी. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असावं, म्हणजे लव्हेंडरला लव्हांड्युला अँगुस्टिफोलिया आणि टी ट्रीला मेलाल्युका अल्टर्निफोलिया. नुसतं "फ्रॅग्रन्स ऑइल" किंवा "परफ्युम ऑइल" लिहिलेलं असेल तर ते उदबत्ती-मेणबत्तीचं सामान आहे, कातडीवर लावायचं नाही.

तपासणी: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. या दोन्ही तेलांचा डाग जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. तळणीच्या कागदासारखा तेलकट गोल राहिला तर त्यात स्वस्तातलं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी.

बाकी सामान: मधमाशीचं मेण १० ग्रॅम (दुकानातच वजन करून घ्या), मेडिकलमधून सुई नसलेली २ मिलीची सिरिंज, खोकल्याच्या औषधासोबत येतं ते मिलीच्या खुणांचं झाकण, वज्री, दोन सुती फडकी, जुने पण धुतलेले सुती मोजे, काचेची बाटली आणि काचेची किंवा स्टीलची डबी. डबी प्लॅस्टिकची नको. तीव्र इसेन्शियल तेल काही प्लॅस्टिकना मऊ करतं.

## टप्पा ३: मिश्रण दोन दिवस आधी करा

पाय भिजवून झाल्यावर मिश्रण करायला बसलात तर तोवर कातडी वाळते आणि आधीची मेहनत वाया जाते.

सर्वसाधारण हिशोब २० थेंब म्हणजे १ मिली. पण प्रत्येक बाटलीच्या तोंडाचा थेंब सारखा नसतो. कुणाच्या २० थेंबांत १ मिली होतं, कुणाच्या ३० थेंबांत. सिरिंजमध्ये थेंब मोजून एकदा आपल्या बाटलीचा हिशोब काढा आणि बाटलीवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. खालचे आकडे २० थेंबांचे आहेत.

हातांसाठी (१ टक्का): ३० मिली साधं तेल आणि ६ थेंब. त्यात ४ लव्हेंडर, २ टी ट्री.

पायांसाठी (२ टक्के): ३० मिली साधं तेल आणि १२ थेंब. ६ लव्हेंडर, ६ टी ट्री.

आधी तेल, मग थेंब, मग बाटली बंद करून दोन्ही तळव्यांत एक मिनिट फिरवा. वास कमी वाटला म्हणून थेंब वाढवू नका. जास्त थेंबांनी गुण वाढत नाही, चिडचिड वाढते. एकदा एखाद्या तेलाची ॲलर्जी जडली की पुढे त्याचा एक थेंबही चालत नाही.

घरात लवंगेचं किंवा गवती चहाचं तेल असेल तर जपून. दोन्ही कातडीला तिखट आहेत. ३० मिलीत ३ थेंबांच्या पुढे नाही आणि दोन्ही एकत्र नाहीत. गरोदर बाईसाठी आणि लहान मुलांसाठी इसेन्शियल तेल बाजूला ठेवा, नुसतं साधं तेल वापरा.

### टाचेसाठी घट्ट मलम

ज्यांच्या टाचा फार जाड आहेत त्यांनी तेलाऐवजी हे करावं. ४० ग्रॅम साधं तेल, १० ग्रॅम मेण, २० थेंब इसेन्शियल तेल. मेण किसून तेलात टाका. ती वाटी पाणी असलेल्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर वितळवा, थेट गॅसवर ठेवू नका. मेण विरघळलं की गॅस बंद करा आणि वाटी बाहेर काढून कोरडी पुसा. काठाला मिश्रण पांढुरकं होऊ लागलं आणि वाटी उघड्या हाताने सहज धरता आली की मग थेंब टाका, ढवळा, डबीत ओता. उकळत्या मिश्रणात थेंब टाकले तर वास उडून जातो. शिवाय ही तेलं पेट घेतात, म्हणून बाटली शेगडीजवळ उघडायचीच नाही.

मेणाचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदला. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की १० ग्रॅमचं मलम डबीत पातळ पडतं, तेव्हा १२ ग्रॅम घ्या. डिसेंबरात ८ ग्रॅम पुरे.

तपासणी: थेंब टाकण्याआधी थंड स्टीलच्या चमच्यावर थोडं मिश्रण घ्या. दोन मिनिटांनी बोटाने दाबून बघा. खरवडावं लागलं तर एक चमचा तेल वाढवा, वाहू लागलं तर चिमूटभर मेण.

यात कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी घालण्याचा मोह टाळा. पाणी आणि तेल वेगळं होतं आणि चार-आठ दिवसांत बुरशी धरते. मलम टिकतं ते त्यात पाणी नसतं म्हणूनच, त्यामुळे डबीत ओलं बोटही घालू नका.

## टप्पा ४: चाचणी

तयार मिश्रणाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावा, ती जागा ओली होऊ देऊ नका आणि २४ ते ४८ तास बघा. लाली, पुरळ, खाज यांपैकी काही झालं तर साबणाने धुवा आणि ते तेल वगळा. चाचणी मिश्रणाचीच करायची. नुसतं इसेन्शियल तेल हातावर लावून बघणं म्हणजे चाचणीतच इजा.

## टप्पा ५: भिजवणं

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

पाणी कोणतं? बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. साबण फेसाळत नाही, पाय वाळल्यावर पांढरट थर दिसतो आणि कातडी ताणल्यासारखी होते. शक्य असेल तर नळाचं, पावसाचं किंवा जारचं पाणी घ्या. तीन तांबे पुरतात. तेवढंही नसेल तर बोअरचं पाणी उकळून, निवळून वरचं घ्या, जडपणा काही प्रमाणात उतरतो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र पायांना वापरू नका. क्षार गाळून बाहेर टाकलेलं ते पाणी असतं, म्हणजे बोअरपेक्षाही जड.

किती गरम? कोपर बुडवून बघा. तान्ह्या बाळाला अंघोळ घालता येईल इतकंच. कढत पाण्याने बरं वाटतं, पण कातडीचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि रात्री भेगा जास्त ताणतात.

किती वेळ? १० मिनिटं. कातडी सुरकुतली म्हणजे वेळ जास्त झाला.

पाण्यात काय घालायचं? काहीच नाही. खाण्याचा सोडा कातडी आणखी कोरडी करतो, मीठ उघड्या भेगेत झोंबतं. आणि इसेन्शियल तेलाचे थेंब तर पाण्यात मुळीच नको, कारण ते विरघळत नाहीत, वर तरंगतात आणि पाय बाहेर काढताना तसेच्या तसे कातडीला चिकटतात. खड्या मिठात किंवा दुधात कालवून टाकलं तरी हेच होतं. वास हवाच असेल तर एक चमचा सौम्य शाम्पूत ३ थेंब नीट मिसळून मग पाण्यात टाका.

उरलेलं पाणी शाम्पू नसेल तर झाडाला घाला.

## टप्पा ६: घासणं

शेतातून आल्यावर हे लगेच करू नका. काळ्या मातीचे कण भेगेत बसलेले असतात आणि वज्रीने ते आणखी आत जातात. आधी साबण आणि मऊ ब्रशने माती काढा, मग भिजवा, मग घासा.

पाय ओलसर असतानाच वज्री फिरवा, एकाच दिशेने, हलक्या हाताने, प्रत्येक टाचेला एक-दोन मिनिटं. जाड कातडी एका बैठकीत काढायची नाही. ती शरीराने दाब सोसायला तयार केलेली असते. एकदम खरवडली तर आठवड्यात जास्त जाड होऊन परत येते. भेगेच्या आत नाही, फक्त तिच्या काठांवर घासा. काठ पातळ झाले की चालताना चीर ताणली जात नाही, आणि घासण्याचा सगळा हेतू एवढाच आहे.

हे आठवड्यातून एकदाच. विटेचा तुकडा, ब्लेड, पॉलिश पेपर नको. वज्री प्रत्येकाची वेगळी ठेवा आणि वापरून झाली की उन्हात वाळवा.

थांबा: गुलाबी, चमकदार कातडी दिसली किंवा झोंबलं की तिथेच हात आवरा.

नखं याच वेळी कापा, मऊ झालेली असतात. सरळ रेषेत कापा, कोपरे खोल गोल करू नका. कोपरा आत रुतला की नखुरड्याला वाट मिळते.

## टप्पा ७: पुसा आणि तीन मिनिटांत लावा

फडक्याने टिपा, घासू नका. बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करा. टाच मात्र किंचित दमट राहू द्या. तेल ओलावा देत नाही, असलेला अडवतं. पूर्ण वाळलेल्या टाचेवर तेल चोपडलं तर अडवायला आत काही नसतं, आणि "रोज तेल लावतो तरी फरक नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

एका पायाला साधारण १ मिली मिश्रण. टाच, तळव्याची कडा, घोटा या क्रमाने अंगठ्याने गोल चोळा. बेचक्यांत नाही. दोन्ही पायांना रोज रात्री लावलं तर ३० मिलीची बाटली सुमारे १५ दिवस जाते. महिना पुरली तर तुम्ही कमी लावताय, आठवड्यात संपली तर चादरीला जातंय.

टाच फारच जाड असेल तर मेडिकलमध्ये १० टक्के युरिया असलेलं क्रीम मिळतं. ते आधी लावा, मुरू द्या, वरून मलम. उघड्या भेगेवर ते झोंबतं. हे क्रीम तयार औषध आहे. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून लावणं म्हणजे पाय भाजून घेणं.

## टप्पा ८: झाका

वर व्हॅसलीनचा पातळ थर, मग सुती मोजे, मग झोप. मे महिन्यात मोजे सहन होत नसतील तर तासभर घालून काढा, तेवढ्यानेही फरक पडतो. नायलॉनचे मोजे किंवा पॉलिथिनची पिशवी नको, घामाने कातडी भिजून चिखल्यांना आमंत्रण.

मोजे घातल्याशिवाय उठू नका. शहाबादी फरशीवर तेलाचा पाय हमखास घसरतो. म्हातारी माणसं घरात असतील तर आधी पाणी, चष्मा, फोन उशाशी ठेवा आणि मगच तेलाला हात लावा. सकाळी पाय साबणाने धुऊनच चप्पल घाला, नाहीतर दिवसभर धूळ चिकटते. मागून उघडी चप्पल टाच पसरवते. भेगा असताना शक्य तितकं बंद पादत्राण वापरा.

## हातांचं वेगळं गणित

हात भिजवायचे नाहीत, ते दिवसभर भिजतातच. रात्रीची भांडी झाली की सौम्य साबणाने हात धुवा, टिपा आणि १ टक्क्याचं मिश्रण पाव चमचा दोन्ही हातांना लावा. नखांच्या मुळाशी जास्त. राखेने भांडी घासत असाल तर राख कातडीला सोड्यासारखीच कोरडी करते, रबरी हातमोजे घाला.

कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी आणि ज्वारी उपटताना ताटांनी हात चिरतात, सोलतात. त्या काळात रात्री फक्त साधं तेल किंवा व्हॅसलीन, चिरा मिटल्यावर इसेन्शियल तेलाचं मिश्रण. फवारणीला जाताना हाताला तेल लावून जाऊ नका. तेलाचा थर औषध अडवत नाही, हातमोजे अडवतात. परत आल्यावर आधी साबणाने हात धुवा, बाकी सगळं नंतर.

लिंबाच्या सालीने हात चोळून उन्हात जाणं ही नेहमीची चूक. लिंबाच्या सालीतले घटक उन्हात कातडी भाजतात, आधी लाल चट्टे आणि मग महिनोन् महिने राहणारे काळे डाग. सालीपासून काढलेल्या लिंबाच्या इसेन्शियल तेलाचंही तेच. वापरायचंच तर रात्री, आणि सकाळी धुऊन बाहेर पडा.

## गावठी उपायांबद्दल दोन शब्द

भेगेवर बिब्बा उतवणं बंद करा. बिब्ब्याच्या रसाने कातडीला फोड येतात, कधी अंगभर. भेग "जळून" मिटल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात जखम वाढलेली असते. तापवलेलं मेण भेगेत ओतणंही तसंच, वर झाकण आणि खाली भाजलेली कातडी. बाकी कोकमतेल, तूप, तिळाचं तेल लावायला आमची काहीच हरकत नाही. वर सांगितलेल्या क्रमाने लावलं की झालं.

## किती दिवस वाट बघायची

घासणं आठवड्यातून एकदा, तेल-मलम रोज रात्री. खरखर चार-पाच दिवसांत कमी होते, भेगा मिटायला दोन-तीन आठवडे लागतात. दोन रात्री चुकल्या तर मात्र लगेच दिसतं.

तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल, भेगेभोवती लाली-सूज-ऊब असेल, पू येत असेल, दोन्ही तळव्यांसोबत एकाच हाताला पापुद्रे येत असतील किंवा पांढऱ्या खपल्या कोपर-गुडघ्यांवरही असतील, तर तेल बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बुरशी आणि सोरायसिस हे दोन्ही वरवर जळवातासारखेच दिसतात. भेगा अचानक वाढल्या असतील तर रक्तातली साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या.

## साठवण

बाटली आणि डबी उन्हापासून दूर, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा घराच्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात. पत्र्याच्या खोलीत नको. झाकण घट्ट लावा. हवा लागून जुनं झालेलं टी ट्री तेल ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी देतं, म्हणून उघडल्याची तारीख लिहा आणि वर्षभराने टाकून द्या. खवट वास आलेलं मिश्रण त्याआधीच.

मुलांचा हात पोचेल तिथे ही बाटली कधीच नको, विशेषतः निलगिरी आणि कापराची. थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. तसं झालं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.